सुंबररेजोतले सात गुंठे

पाक मार्तो अमेरिकेत येताहेत हे दिगंबर पाटणकरांना ऑफिसात आलेल्या एका टेलेक्सवरून कळलं. १९८७ सालचा ऑक्टोबर होता. जावातले पाटबंधारे खात्याचे तीन अधिकारी आणि शेतकऱ्यांचा एक प्रतिनिधी असे चौघे दोन आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्यावर वॉशिंग्टनला येणार होते. प्रतिनिधीचं नाव वाचलं आणि पाटणकर खुर्चीतून उठलेच. त्यांनी लगेच घरी फोन लावला. मधला शनिवार-रविवार मार्तोंना आपल्याकडे हर्नडनला आणायचं, मी दौऱ्याच्या लोकांशी बोलून घेतो, असं त्यांनी मालिनीबाईंना सांगितलं.

पाटणकर पाटबंधाऱ्यातले इंजिनिअर. वॉशिंग्टनमधल्या एका सल्लागार कंपनीत नोकरीला होते आणि कंपनी पाठवील त्या देशात जाऊन कालव्यांची कामं बघत होते. १९७९ साली त्यांना दोन वर्षांसाठी जावातल्या क्लातेन जिल्ह्यात पाठवलं होतं. बाकीचे परदेशी साहेब शहरात बंगले घेऊन राहायचे. पाटणकर बायको आणि दहा वर्षांच्या सीमाला घेऊन थेट सुंबररेजो नावाच्या खेड्यात जाऊन राहिले. ज्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहिले ते पाक मार्तो. पाक म्हणजे बाबा किंवा काका, कुणाही वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे असंच म्हणतात, आणि बाईला बू. मार्तो गावचे उलू-उलू होते, म्हणजे आपल्याकडचे पाटकरी. कुणाच्या भाताला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं हे ते ठरवायचे. वीस वर्षं त्यांनी ते काम केलं होतं, आणि पाण्यात त्यांनी कधी कुणाला झुकतं माप दिलं असं म्हणणारा माणूस गावात नव्हता.

त्या दोन वर्षांत पाटणकर ऑफिसपुरती इंडोनेशियन शिकले. मालिनीबाई मात्र बू मार्तोंच्या, म्हणजे मार्तोंच्या बायकोच्या स्वयंपाकघरात बसून गावात बोलतात ती जावानीज शिकल्या. त्या भाषेत वडील माणसाशी बोलायचे शब्द वेगळे आणि बरोबरीच्यांशी बोलायचे वेगळे. आपल्या तू आणि आपण यांच्यापेक्षा ते प्रकरण पुष्कळच अवघड. चुकलं की बायका तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसायच्या आणि बरोबर शब्द सांगायच्या.

निघायच्या आधी पाटणकरांनी गावात जमीन घेतली. ओढ्याकाठी सात गुंठे, नारळ आणि केळी असलेली. परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही, म्हणून खरेदी मार्तोंच्या नावावर झाली. जमीन खरी पाटणकरांची आहे आणि ते सांगतील तेव्हा त्यांना किंवा त्यांच्या मुलीला वापरायला द्यायची, असा एक कागद दोघांनी लिहून सह्या केल्या. पुढे पाटणकरांनी पत्र लिहून, पैसे पाठवून शेजारच्या गावातलं उतरत्या छपराचं एक जुनं सागवानी घर विकत घेतलं. तिकडे घरं अशी विकली जातात. खांब-तुळया सुट्या करून गाववाल्यांनी ते खांद्यावरून आणलं आणि सात गुंठ्यांवर पुन्हा उभं केलं. १९८४च्या उन्हाळ्यात तिघं जण तीन आठवडे त्या घरात राहून आले. पंचावन्नला निवृत्ती घ्यायची आणि वर्षातले आठ महिने सुंबररेजोत काढायचे, हे पाटणकरांचं तेव्हापासून ठरलेलं होतं. आता ते चौपन्न वर्षांचे होते.

शुक्रवारी संध्याकाळी ते मार्तोंना हॉटेलवरून घेऊन आले. मार्तो साठीचे असतील. अंगात बाटिकचा शर्ट, डोक्यावर काळी टोपी, पायात नवे बूट. थंडीने ते पार आखडले होते. मालिनीबाईंनी पाटणकरांचा जाड स्वेटर त्यांना घालायला दिला, तो त्यांना गुडघ्यापर्यंत आला. नमाजाची दिशा कुठली ते पाटणकरांनी होकायंत्र काढून दाखवलं. जेवायला भात, माशाची आमटी आणि ठेचा होता. आठ दिवस सँडविचं खाल्लेल्या मार्तोंनी ठेचा तीनदा मागून घेतला. सीमा आता अठरा वर्षांची होती, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात. लहानपणी फाडफाड बोलायची ती भाषा तिला आता आठवत नव्हती. “आय अंडरस्टँड हिम, बट आय कान्ट से एनिथिंग,” ती आईला म्हणाली, आणि मार्तोंच्या पुढ्यात सगळा वेळ नुसती हसत बसली.

पाटणकर भलतेच खुशीत होते. घराची कौलं कशी आहेत, ओढ्याचा काठ ढासळला का, मागच्या बाजूला एक खोली वाढवायची तर सुतार कोण मिळेल, एकामागून एक विचारत होते. मार्तो प्रत्येक प्रश्नाला मान हलवून “हो, हो” म्हणत होते. मालिनीबाईंच्या लक्षात आलं, त्या लोकांचं असं लागोपाठ हो-हो चांगलं नसतं. मनात दुसरंच काही असलं की ते असं करतात.

शनिवारी सकाळी पाटणकर सीमाला ड्रायव्हिंगचा सराव द्यायला घेऊन गेले. मालिनीबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. मार्तो आले, समोरच्या खुर्चीवर टेकले आणि न विचारता शेंगा सोलायला लागले. बराच वेळ ते भाताबद्दल बोलत होते, नव्या बियाण्याबद्दल, पिकाला लागलेल्या तुडतुड्यांबद्दल. मग त्यांनी सांगितलं की गावात सरकारी मोजणीवाले आले होते. साखळ्या, निशाणं घेऊन महिनाभर राहिले. आता प्रत्येकाला आपापल्या जमिनीचा शिक्का मारलेला पक्का दाखला मिळणार आहे.

मालिनीबाई म्हणाल्या, हे तर चांगलंच झालं.

“चांगलं झालं,” मार्तो म्हणाले आणि पुन्हा दोन-चार शेंगा सोलल्या. “त्या दाखल्याआधी एक कागद भरायचा आहे. त्यात लिहिलंय, ही जमीन माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही, कुणाचा तिच्यावर हक्क नाही. गावच्या प्रमुखासमोर सही करायची. माझ्या स्वतःच्या शेताचा कागद मी भरला. ओढ्याकाठच्या जागेचा घरी ठेवलाय.”

मालिनीबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

“लोक सह्या करतात, बू,” मार्तो त्यांना म्हणाले. “मला माहीत आहे. क्लातेनमध्ये कितीतरी करतात. पण मी वीस वर्षं पाणी वाटलंय. कुणी म्हणालं माझी पाळी झाली नाही, तर मी म्हणायचो झाली, आणि तो परत जायचा. कागद कुणी कधी मागितला नाही. आता मी ही सही केली तर मी खोटं बोललो. नाही केली तर जागा सरकारजमा होईल आणि तुमचं नुकसान होईल. घरी बसून मला काही सुचेना. दौऱ्याला कोण जाणार असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला. आयुष्यात मी आमच्याकडच्या सेमारांग शहराच्या पुढे गेलो नव्हतो.”

एवढं बोलून ते उठले आणि टरफलं कुठे टाकायची ते विचारायला लागले.

दुपारी मार्तो आडवे झाले तेव्हा मालिनीबाईंनी नवऱ्याला बागेत नेऊन सगळं सांगितलं. पाटणकरांनी ऐकून घेतलं. त्यांना ते तितकंसं गंभीर वाटलं नाही.

“फॉर्मॅलिटी आहे गं ती. त्यांना म्हणावं, सही करून टाका. आपला कागद आहेच आपल्याकडे. सगळ्या जगात असंच चालतं.”

“हे मी त्यांना सांगणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला ते त्यांच्या भाषेत सांगता येणार नाही. तुम्हाला सांगायचं तर तुम्ही सांगा.”

पाटणकरांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ते हलक्या आवाजात म्हणाले की, सात गुंठे आणि वर सागवानी घर आयतं नावावर होतंय, तर मार्तोलाही ते नको असेल असं नाही.

मालिनीबाईंना नवऱ्याचा इतका राग फार क्वचित आला होता. “त्यांना जागा लाटायची असती तर त्यांनी गावातच सही केली असती. आपल्याला कळलंसुद्धा नसतं. त्यासाठी साठाव्या वर्षी विमानात बसून इथवर कशाला आले असते ते?”

आपण बोललो ते बरोबर नव्हतं हे पाटणकरांना कळलं होतं. मालिनीबाईंना मात्र आता थांबवेना. तीन वर्षं मनात ठेवलेलं त्या बोलून गेल्या. मार्तोंच्या मागच्या खोल्यांत राहत होतो तेव्हा गावच्या बायका परसदारी यायच्या, माझी विळी घेऊन भाजी चिरायच्या, माझं मीठ जास्त पडलं तर तसं तोंडावर सांगायच्या. मग आपण आपल्या घरात राहायला गेलो आणि त्याच बायका पुढच्या दाराने यायला लागल्या. चपला काढून चटईच्या कडेला बसायच्या. मी बोलेपर्यंत बोलायच्या नाहीत. बू मार्तोसुद्धा माझ्याशी वडीलधाऱ्यांशी बोलायच्या भाषेत बोलायला लागल्या. तीन आठवडे मी त्या घरात पाहुण्यांना चहा देत बसले होते.

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

“तुम्ही इतके आनंदात होतात. रोज सकाळी उठून कुंपणाशी उभे राहायचात.”

पाटणकर गराजमध्ये गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच काहीतरी आवरत बसले. मालिनीबाईंना मग वाईट वाटलं. त्या कुंपणाचं कारण त्यांना माहीत होतं. पाटणकरांचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. एकसष्टच्या सुमाराला धरण भरलं आणि त्यांच्या वडिलांची शेती, घर, सगळं पाण्याखाली गेलं. पाटणकर तेव्हा इंजिनिअर होऊन नोकरीला लागले होते. बदली म्हणून मिळालेल्या जमिनीवर वडील रमले नाहीत, दोन वर्षांत गेले. ती जमीन मग भावांनी विकली. पाटणकर हे कुणाला सांगत नसत. हर्नडनचं घर त्यांनी घेतलं होतं ते तिथून हायवे जवळ पडतो म्हणून, आणि ते घर विकायचं केव्हा याचा हिशेब त्यांच्या डोक्यात घेतलं त्या दिवसापासून होता. सुंबररेजोचं तसं नव्हतं.

रविवारी ते मार्तोंना ग्रेट फॉल्सला घेऊन गेले. सीमाला अभ्यास होता, ती आली नाही. झाडं तांबडी-पिवळी झाली होती, आणि खाली पोटोमॅक खडकांमधून फेसाळत धावत होती. मार्तो कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले.

“एवढं पाणी,” ते म्हणाले, “आणि कुणाची पाळी नाही?”

पाटणकर हसले. मग त्यांना झाडीतून जुन्या कालव्याकडे घेऊन गेले. दोनशे वर्षांपूर्वी होड्या धबधब्याला वळसा घालून न्यायला हा कालवा खणला होता. आता कोरडाच होता, नुसत्या दगडी भिंती उरल्या होत्या. मार्तोंनी दगडांच्या सांध्यांवरून हात फिरवला, दारं कुठे बसत असतील ते वाकून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, हा किती वर्षं चालला?

“पंचवीसेक वर्षं. फार नाही,” पाटणकर म्हणाले.

तिघं तिथल्याच एका दगडावर बसले. पाटणकरांनी घसा साफ केला. मालिनीबाईंना कळलं, आता हे विषय काढणार. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. पाटणकर आपल्या मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमध्ये म्हणाले की, बायकोने मला मोजणीचं सांगितलं. एवढं बोलून ते अडले. पुढचं वाक्य त्यांनी रात्रभर जुळवलं होतं, ते ओठांवर येईना.

मार्तोंनी त्यांना अवघडू दिलं नाही. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “पाक दिगंबर, तुमच्या वडिलांची जमीन कुठे आहे?”

दोन वर्षं एका छपराखाली काढली होती, पण मार्तोंनी हे कधी विचारलं नव्हतं आणि पाटणकरांनी सांगितलं नव्हतं.

“पाण्याखाली.”

“पुराने गेली?”

“नाही. धरणात.”

मार्तोंनी मान हलवली. मग पाटकऱ्यालाच सुचेल असा प्रश्न त्यांनी विचारला. “किती खोल?”

पाटणकरांना तो आकडा पाठ होता. कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्यांनी पहिल्यांदा जर कुठला नकाशा उघडून पाहिला असेल तर तो त्या जलाशयाचा. “धरण भरलं की आमच्या दारात एकतीस मीटर,” ते म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, त्यांनी सांगितलं की दारापुढे एक पायरी होती, वडील संध्याकाळी तिच्यावर बसून पाय धुवायचे. हे मालिनीबाईंनीही कधी ऐकलेलं नव्हतं.

मार्तो जावानीजमध्ये, मालिनीबाईंकडे बघत, सावकाश बोलले. बोलून झाल्यावर नवऱ्याला सांग अशी हाताने खूण केली.

“ते म्हणताहेत,” मालिनीबाई म्हणाल्या, “तुम्हाला जमीन का हवी होती ते मला आज कळलं. त्यांना वाटायचं, साहेब लोकांना हौस असते. ते म्हणताहेत, मी सही करतो. खोटं असलं तरी ते माझ्या माथ्यावर घेतो. तुमची जमीन दुसऱ्यांदा जायला नको.”

पाटणकर दगडावरून उठले. कालव्याच्या कडेने पंधरा-वीस पावलं गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मालिनीबाई उठणार होत्या, मार्तोंनी त्यांना हाताने थांबवलं. पाटणकर परत आले तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज साधा होता. त्यांनी बायकोला भाषांतर करायला सांगितलं नाही. स्वतःच बोलले, चुकत-माकत.

“सही करा. पण खोटी नाही. जमीन तुमची, असं लिहा, आणि ती तुमचीच असू द्या. आपला तो कागद मी तुम्हाला देतो.”

मार्तोंनी लगेच हो म्हटलं नाही. तिकडची रीत अशी की कुणी काही देऊ केलं तर तीनदा नाही म्हणायचं. त्यांनी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. एवढंच विचारलं की घराचं काय करू.

“कुणाला राहायला द्या. रिकामं घर वाळवी खाते,” पाटणकर म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी कागद काढून मार्तोंना दिला आणि त्यांना हॉटेलवर पोचवून आले.

त्याने सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. त्या हिवाळ्यात पाटणकर फार गप्प असत. निवृत्तीच्या फॉर्मची मुदत आली तेव्हा त्यांनी तो भरला नाही, आणखी दोन वर्षं नोकरी करायचं ठरवलं. मालिनीबाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, आता जायचंय कुठे? एकदा ऐन बर्फात ते ड्राइव्हवे साफ करता करता मध्येच फावडं टेकून उभे राहिले, आणि आत येऊन म्हणाले की चूक केली. मालिनीबाईंनी समजूत काढली नाही. चूक केली असं वाटणारच, एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवला. आपण त्या दिवशी बागेत फार बोललो का, हे त्यांनाही अधूनमधून टोचत असे. सीमाला सगळं कळलं तेव्हा ती बापावर चिडली. “यू कुड हॅव आस्क्ड मी, बाबा,” ती म्हणाली. कागदात तिचंही नाव होतं, हे पाटणकरांच्या खरंच लक्षात राहिलं नव्हतं. त्यांनी मुलीची माफी मागितली. दोन दिवस ती बोलली नाही, मग बोलायला लागली.

एप्रिलमध्ये सुंबररेजोहून पत्र आलं. अक्षर मार्तोंच्या जावयाचं होतं, तो शाळेत मास्तर होता. जागेचा दाखला मिळाला होता. मार्तोंनी घर मुलीला, सुतीनाला राहायला दिलं होतं. तिला तिसरं मूल झालं होतं आणि मास्तर नवऱ्याच्या खोलीत ती सगळी मावत नव्हती. मालिनीबाई पत्र वाचून मराठीत सांगत होत्या. सुतीनाने मागे चूल घातली. गुरांसाठी गोठा केला, त्यासाठी ओढ्याकडचे दोन नारळ तोडले.

“नारळ तोडले?” पाटणकर ताडकन म्हणाले. “ते काठ धरून ठेवणारे होते. तिथे माती वाहून जाणार पावसाळ्यात. तिला कुणी सांगितलं तोडायला?”

मालिनीबाई पत्र हातात धरून थांबल्या. पाटणकर खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग त्यांना हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी त्या त्यांना हसताना बघत होत्या.

“बरं, पुढे वाच,” ते म्हणाले.

पुढे पाण्याबद्दल होतं, नव्या उलू-उलूबद्दल होतं, आणि शेवटी मार्तोंनी सांगून लिहून घेतलेलं एक वाक्य होतं की, बू मार्तो विचारतात, तुम्ही कधी येता. पाटणकरांनी पत्र मागून घेतलं आणि स्वतः जमेल तसं एकदा वाचलं. मग म्हणाले, या ऑगस्टमध्ये रजा मिळते का बघतो. काठावर लावायला बांबू चांगला, ते सुतीनाच्या नवऱ्याला नीट समजावून सांगायला हवं, पत्रातून कळायचं नाही.

“आणि उतरायचं कुठे?” मालिनीबाईंनी विचारलं.

“ते आपण कोण ठरवणार?” पाटणकर म्हणाले, आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर शोधायला उठले.